भाग ३१ : चूक रस्ता ओलांडणाऱ्याची, की रस्त्याची?

(हे या भागाचं शब्दांकन. अडखळलेली वाक्यं आणि पन्नासएक वेळा आलेलं 'म्हणजे' काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.)

००:०० सुरुवात

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. विषय नेहमीसारखा कोड, करिअर वगैरे नाही. आजचा विषय आहे रस्ता. आपल्या घराखालचा, रोजचा रस्ता.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. मागच्या पावसाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास मी ऑफिसमधून घरी येत होतो. कार चालवत होतो, पुण्यातच, घरापासून दोन मिनिटांवर. रस्ता रिकामा, चांगला रुंद, नुकतं डांबरीकरण झालेलं. वेग पन्नासच्या आसपास असेल. फोन हातात नव्हता, प्यायलेलो नव्हतो, सिग्नल तोडला नव्हता. आणि डिव्हायडरच्या फटीतून एक काका अचानक समोर आले. सत्तरीचे असतील. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी.

ब्रेक दाबला. गाडी त्यांच्यापासून दोन-अडीच फुटांवर थांबली. पुढचं जे झालं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. काकांनी मला हात जोडले. "सॉरी, सॉरी" म्हणाले आणि घाईघाईने पलीकडे गेले.

मी त्यांना मारणार होतो, आणि माफी त्यांनी मागितली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्या फटीतूनच तर आम्ही सगळे जातो. दुसरीकडून जायला जागा कुठाय?" म्हणजे त्या रात्री काकांच्या जागी आई असू शकली असती. आणि गाडीत माझ्यासारखाच कोणाचा तरी मुलगा.

०२:४० तीस आणि पन्नास

मग मी आमच्या लोकांचं जे नेहमीचं असतं ते केलं. आकडे काढले. बारावीचं फिजिक्सच आहे, घाबरू नका.

समोर काहीतरी आलं हे डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. सावध ड्रायव्हरचाही जातो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला अजून १४ मीटर. एकूण २८.

आता ताशी ३० घ्या. पहिल्या सेकंदात गाडी ८ मीटर जाते. ब्रेक लागल्यावर अजून ५ मीटर. एकूण १३.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. माणूस १३ मीटरवर आहे. तीसच्या वेगातली गाडी त्याच्या पायाशी येऊन थांबली. पन्नासच्या वेगातल्या गाडीचा ब्रेक त्याच जागी अजून लागलेलाच नाही. ती पूर्ण पन्नासने धडकते. वेगात फरक वीसचा, पण एका गोष्टीत माणूस शिवी देऊन घरी जातो आणि दुसरीत जात नाही.

अजून एक हिशोब. ताशी ३० ची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून पडल्यासारखं, पहिला मजला. ताशी ५० म्हणजे जवळपास दहा मीटर, तिसरा मजला. कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्याचं काय होतं ते मी सांगायला नको.

म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेवर जागतिक परिषद झाली, तिथल्या जाहीरनाम्यात एक साधी शिफारस होती : जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग जास्तीत जास्त ३० ठेवा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत शहरातल्या रस्त्यांवर कारसाठी कमाल मर्यादा ७० आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते, पण वरचा आकडा सत्तर.

आता देशाचा आकडा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला ९०. रोज जवळपास दोन बसभर माणसं, जी फक्त चालत होती.

०६:१५ "लोकांना शिस्तच नाही"

हा भाग करतोय असं मित्रांच्या ग्रुपवर टाकलं तर पहिला मेसेज आला, "लोकांना शिस्त लावा आधी." दुसऱ्याने लिहिलं, "झेब्रावरून कोण जातं इथे?"

मान्य आहे. पण मी दिवसभर ज्या कामाचे पैसे घेतो तिथे असं चालत नाही. आमच्या ॲपमध्ये एकाच बटणावर रोज हजार लोक चुकत असतील तर 'युजर बेशिस्त आहेत' असं मी मॅनेजरला सांगू शकत नाही. बटण चुकीच्या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झीरो' नावाचं धोरण मान्य केलं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. माणूस चुकणारच. दमलेला असेल, घाईत असेल, वय झालं असेल, लहान असेल. त्या चुकीची शिक्षा मरण असता कामा नये. रस्ता असा बांधा की चूक झाली तरी जीव वाचेल. आणि वेग ठरवायचा तो रस्त्यावर किती जोरात जाता येतं यावरून नाही, माणसाचं शरीर किती मार सोसू शकतं यावरून.

हे फक्त कागदावर राहिलेलं नाही. फिनलंडच्या हेलसिंकीत २०१९ साली वर्षभरात एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही. तिथे निम्म्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा ३० आहे.

०८:५० पाटी लावून वेग कमी होत नाही

मग काय, ३० ची पाटी लावायची? लावा, पण फारसा फरक पडत नाही. त्या रात्री मी पन्नासने जात होतो ते पाटी बघून नाही. रस्ताच मला सांगत होता की जा. ड्रायव्हर वेग ठरवतो तो रस्त्याच्या रूपावरून. ते रूप कशाकशाने बनतं ते बघू.

लेनची रुंदी. आपल्याकडे हमरस्त्याच्या हिशोबाने शहरातही साडेतीन मीटरची लेन आखतात. कार असते साधारण पावणेदोन मीटर रुंद. दोन्ही बाजूंना इतकी जागा मोकळी असली की पाय आपोआप दाबला जातो. लेन तीन मीटरची केली की तोच ड्रायव्हर न सांगता हळू होतो. आणि चार लेनमधून अर्धा-अर्धा मीटर काढला तर दोन मीटर सुटतात. एवढ्यात एका बाजूचा फुटपाथ होतो.

कोपरा. चौकात डावीकडचा कोपरा मोठ्या गोलाईचा असला की गाडी वळताना वेग कमीच करत नाही. 'फ्री लेफ्ट' म्हणतो ना आपण, ते गाडीसाठी फ्री, चालणाऱ्यासाठी नाही, कारण त्याला हिरवा दिवा कधीच मिळत नाही. कोपऱ्याची गोलाई लहान केली की गाडीला हळू व्हावंच लागतं, आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं.

फुटपाथची सलगता. हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून मला कळलंय. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ संपतो. उतरा, चार पावलं चाला, परत चढा. दोनशे मीटरमध्ये आठ वेळा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी असं लिहिलंय. प्रत्यक्षात फुटपाथ कधी गुडघ्याएवढा उंच असतो, मध्ये डीपी असतो, झाड असतं, दुचाकी असते. मग माणूस रस्त्यावरूनच चालतो आणि आपण म्हणतो, फुटपाथ असून वापरत नाहीत. उपाय साधा आहे : गेटपाशी फुटपाथ सपाट सलग ठेवायचा, आणि गाडीने छोट्या उतारावरून चढून उतरायचं. चढ-उतार इंजिनाने करावा, गुडघ्यांनी नाही.

ओलांडायची जागा. रस्त्याच्या मधोमध थांबायला किमान दोन मीटरची सुरक्षित जागा हवी, म्हणजे एका वेळी एकाच दिशेच्या गाड्या बघाव्या लागतात. झेब्रा फुटपाथच्या उंचीला उचलला तर तोच स्पीडब्रेकरचं काम करतो.

आणि इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. पादचारी पूल हा उपाय नव्हे. पुलाखालून बस, ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. म्हणजे चाळीसएक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, वीस-पंचवीस मीटरचा रस्ता ओलांडायला. तरुणालाही कंटाळा येतो. माझी आई तर शक्यच नाही. मुंबईत रेल्वे स्टेशनला जोडलेल्या स्कायवॉकची गोष्ट वेगळी, तिथे मुळात पुलावरूनच उतरलेली गर्दी असते. पण साध्या चौकात पूल बांधणं म्हणजे गाड्यांना थांबावं लागू नये म्हणून माणसांना वर पाठवणं.

१३:३० सायकलवाल्यांचं काय?

सायकलबद्दल बोलताना पुणेकराला जरा लाज वाटते. हे सायकलींचं शहर होतं. माझी आई शाळा-कॉलेजला सायकलनेच जायची, तिच्या सगळ्या मैत्रिणी जायच्या. आज मी माझ्या दहा वर्षांच्या भाचीला सोसायटीच्या गेटबाहेर सायकल काढू देत नाही.

असं नाही की शहराने काही केलं नाही. २००६ साली सातारा रस्ता, स्वारगेट, हडपसर असा बीआरटीचा पहिला मार्ग झाला तेव्हा सायकल ट्रॅकही आखले गेले. २०१६ मध्ये पादचारी धोरण आलं, त्यानंतर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला. भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या.

गडबड कुठे होते? सायकलचा मार्ग साखळीसारखा असतो. पाच किलोमीटरपैकी साडेचार उत्तम आणि उरलेला अर्धा किलोमीटर उड्डाणपुलाखालच्या चौकातून, ट्रकच्या शेजारून. घरचे त्या अर्ध्या किलोमीटरकडे बघूनच 'नको' म्हणतात. म्हणून तुटक ट्रॅक कितीही केले तरी सायकली वाढत नाहीत, आणि मग 'बघा, कोणी वापरतच नाही' म्हणून त्यावर पार्किंग होतं.

दुसरं, नुसता रंग मारून ट्रॅक होत नाही. पांढऱ्या पट्ट्याने कोणी अडत नाही. गाड्या आणि सायकलींच्या मध्ये काहीतरी कठीण हवं : कर्ब, कुंड्या, झाडांची ओळ. चौकात तर जास्तच हवं, कारण डावीकडे वळणाऱ्या गाडीखाली सरळ जाणारी सायकल येते. आणि ट्रॅक फुटपाथमधून चोरून काढायचा नाही. चालणारा आणि सायकलवाला यांची भांडणं लावून देणं सगळ्यात सोपं. जागा काढायची ती लेन आणि पार्किंगमधून.

१६:२० "ते नेदरलँड्स आहे, इथे नाही चालायचं"

हे वाक्य येणारच, म्हणून आधीच सांगतो. नेदरलँड्सवाले पाळण्यातून सायकलवर बसूनच येतात असा आपला समज आहे. खरं तसं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथेही सायकली झपाट्याने कमी झाल्या, गाड्या वाढल्या, रस्त्यांसाठी वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या जरा वर.

१९७२ मध्ये एका पत्रकाराने लेख लिहिला. त्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती. लेखाच्या नावाचा अर्थ 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आई-बाप रस्त्यावर उतरले, गल्ल्या अडवून मुलांना खेळायला मोकळ्या केल्या. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी गाड्या बंद झाल्या, आणि लोकांनी मोकळे रस्ते डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर दशकानुदशकं एकेक रस्ता बदलत गेले. आज लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर आहे आणि वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास.

म्हणजे तिथे संस्कृती आधी आणि रस्ते नंतर असं झालं नाही. रस्ते बदलले, मग सवयी बदलल्या.

आणि पुण्यातही पुरावा आहे. जंगली महाराज रस्ता आठवा. लेन आखून दिल्या, फुटपाथ रुंद केला, बसायला जागा केली, मुलांना खेळायला कोपरे केले. तिथे संध्याकाळी जाऊन बघा, आजी-आजोबा बाकांवर बसलेले असतात. डिसेंबर २०२१ पासून लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' होतो, त्या दिवशी गाड्या बंद. जिथे एरवी खांद्याला खांदा घासतो तिथे पोरं रस्त्यावर खडूने चित्रं काढतात. त्रुटी आहेतच, पण 'इथे चालायचं नाही' हे खरं नाही. एरवी एक दिवस चालतं ते वर्षभर का नाही, एवढाच प्रश्न आहे.

१९:३० श्रोत्यांचे दोन प्रश्न

मागच्या आठवड्यात विषय सांगितला होता, त्यावर दोन व्हॉइस नोट आल्या.

पहिला प्रश्न एका दादांचा, ते डिलिव्हरीचं काम करतात : "वेग कमी केला तर आमचं पोट कसं चालणार?" रास्त प्रश्न आहे. हिशोब करूया. पाच किलोमीटर सलग पन्नासने गेलात तर सहा मिनिटं, तीसने दहा. म्हणजे मध्ये एकही सिग्नल नसता तरी फरक चार मिनिटांचा. शहरात सिग्नल असतातच, आपण पन्नासने सुसाट जातो आणि पुढच्या लाल दिव्याला उभे राहतो. प्रत्यक्ष फरक त्याहून बराच कमी. आणि दादा, २०२२ च्या त्याच आकडेवारीत सगळ्यात जास्त मृत्यू दुचाकीवाल्यांचे आहेत, जवळपास ७५ हजार. हळू रस्ता तुमच्यासाठीही आहे. दहा मिनिटांत पोचवण्याचं जे वचन कंपनी देते, त्याची जोखीम तुमच्या अंगावर यायला नको, हा मुद्दा मात्र वेगळा आणि खरा आहे.

दुसरा प्रश्न एका काकूंचा : "फेरीवाल्यांना आधी हटवा, मग बोला." काकू, आईही हेच म्हणते, आणि भाजी त्यांच्याकडूनच घेते. (हसतो.) फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना जागा ठरवून देणं अपेक्षित आहे. रुंद फुटपाथचे तीन पट्टे पाडता येतात : दुकानांलगतचा, मधला मोकळा चालायचा, आणि रस्त्याकडेचा, ज्यात झाडं, खांब, बाकं आणि हातगाड्या बसतात. मधला पट्टा रिकामा राहिला की झालं. शिवाय रात्री त्या दिव्यामुळे, माणसांमुळे फुटपाथ सुरक्षित वाटतो. फुटपाथवर चढलेल्या कारमुळे असं कधी वाटलंय?

२२:४५ स्टॉपवॉच घेऊन चौकात

शेवटी, मी काय केलं. फार मोठं काही नाही.

त्या रात्रीनंतर एका रविवारी आईला घेऊन आमच्या चौकात गेलो. टेप आणि फोनमधलं स्टॉपवॉच. रस्ता कडेपासून कडेपर्यंत २४ मीटर. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा १५ सेकंद. सिग्नलची वेळ ठरवताना साधारणपणे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. त्या हिशोबानेही २० सेकंद हवेत. आई तिच्या चालीने गेली, ३० सेकंद लागले. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा ती बरोबर मधोमध असते. आणि मधला डिव्हायडर दीड फुटाचा, त्यावर कुंड्या. उभं राहायलाही जागा नाही.

म्हणून ती आणि ते काका सिग्नलवरून जातच नाहीत. पुढच्या फटीतून जातात, कारण तिथे निदान गाड्या येताना दिसतात आणि निघायची वेळ स्वतः ठरवता येते. ज्याला आपण बेशिस्त म्हणतो, तो त्यांनी केलेला हिशोब आहे.

हे सगळं एका पानावर लिहिलं. चौकाचा कागदावर काढलेला नकाशा, मापं, सेकंद, चार फोटो. 'रस्ता धोकादायक आहे, कृपया लक्ष द्यावे' असं नाही लिहिलं. लिहिलं : दिवा १५ चा ३० करा, मधे दोन मीटरची थांबायची जागा करा, झेब्रा पुन्हा रंगवा. सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सह्या घेतल्या, ६४ झाल्या. वाहतूक विभागाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला दिलं. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी एका अधिकाऱ्याने मापं बघितली आणि म्हणाले, "हे बरं केलंत, आकडे दिलेत."

दिवा आता २५ सेकंदांचा आहे. झेब्रा रंगवलाय. मधली जागा अजून झालेली नाही, तो अर्ज महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात त्यात टाकलाय.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अर्ज करताना हे वाक्य जरूर लिहा. आपण उपकार मागत नाही आहोत.

तर तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला घेऊन जवळच्या चौकात जा. सेकंद मोजा, मीटर मोजा, आणि मला पाठवा. अर्जाचा नमुना मागाल त्याला देतो.

ते काका परत एकदा दिसले, सिग्नलपाशीच. मला ओळखलं नाही त्यांनी. दिवा हिरवा झाला, ते निघाले, आणि पलीकडे पोचायला तीन-चार पावलं उरली असताना लाल झाला. मी थांबून राहिलो. मागून हॉर्न वाजत होते.

अजून पाच सेकंद हवेत. ते मिळाले की सांगतो. भेटू पुढच्या भागात.